छोट्या फिगरवर ऊन-सावली रंगवताना

पाच सेंटिमीटरची फिगर, म्हणजे माणसाची छोटी प्रतिकृती, टेबलावर ठेवली की तिच्यावर उजेड पडतो, सावलीही पडते. मग ती वेगळी रंगवायची कशाला? नवशिक्यांचा हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नीट कळलं तर पुढचं निम्मं काम सोपं होतं.

१/३५ प्रमाणात पावणेसहा फुटी माणूस जेमतेम पाच सेंटिमीटरचा होतो. त्याच्या कोटाच्या बाहीला कोपराशी पडलेली दोन सेंटिमीटर खोल चुणी साधारण अर्ध्या मिलिमीटरवर येते. माणूस लहान झाला, पण खोली होती तेवढीच राहिली. पांढरं छत, भिंती, ट्यूबलाइट हे सगळं मिळून त्या माणसाच्या मानाने अख्खं आभाळ होतं, आणि तेही ढगाळ. ढगाळ दिवशी बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या कपड्यांवर सावल्या जशा फिक्या, विरघळलेल्या दिसतात तशाच त्या इथे दिसतात. त्यात साच्यातून निघतानाच चुण्यांच्या कडा थोड्या बोथट झालेल्या असतात, वर प्रायमर (रंगाआधीचं अस्तर) आणि रंगाचे थर चढतात. शिवाय अर्ध्या मीटरवरून ही फिगर पाहणं म्हणजे खऱ्या माणसाला सतरा-अठरा मीटरवरून पाहणं. एवढ्या लांबून नजरेला बारकावे कळत नाहीत, उजेड आणि अंधाराचे मोठे पट्टेच कळतात. ते पट्टे आपण रंगाने पुरवायचे, आणि जरा वाढवूनच पुरवायचे.

कुठे गडद आणि कुठे उजळ हे मात्र प्रत्येक फिगरपुरतं वेगळं ठरवायचं नसतं. उन्हातल्या देखाव्यात सूर्य एकच. हौशी मंडळींचे डायोरामे, म्हणजे तळावर फिगर मांडून केलेले छोटे देखावे, बहुतेकदा इथेच फसतात: हात चांगला असतो, पण पाच फिगर पाच निरनिराळ्या संध्याकाळी रंगवलेल्या असतात आणि प्रत्येकीवर प्रकाश निराळ्या बाजूने आलेला असतो. मग ती माणसं एका जागी उभी असूनही एकत्र आल्यासारखी वाटत नाहीत.

रंगाची बाटली उघडण्याआधी

फिगर अजून कोऱ्या असतानाच त्या तळावर जिथे उभ्या राहणार तिथे ठेवून बघा. पायात पितळी तारेची पिन बसवली असेल तर चिकटवल्याशिवाय नीट उभ्या राहतात आणि पुढे रंगवताना पकडायलाही तीच पिन कामी येते. आता ठरवा: वेळ कोणती, प्रकाश सूर्याचा की दिव्याचा, आणि तो कुठून येतो. ठरलं की तळाच्या कडेवर पेन्सिलीने ठळक बाण काढा. रंगवताना धरण्यासाठी प्रत्येक फिगरची पिन ज्या बुचात खोचाल त्यावरही तोच बाण काढा, म्हणजे फिगर हातात फिरवताना दिशा विसरत नाही. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट मी सगळ्यात महत्त्वाची मानतो.

किती तिरका प्रकाश घ्यायचा, हे डायोरामा कुठून पाहिला जाणार यावर ठरतं. चारही बाजूंनी उघडा असलेला डायोरामा माणसं फिरून बघतात. तिथे संध्याकाळचं आडवं ऊन रंगवलं तर पाठीमागून पाहणाऱ्याला निम्म्या फिगर नुसत्या काळपट दिसतात. अशा वेळी सूर्य डोक्यावरून किंचित कललेला घ्या, जमिनीपासून साधारण ६० अंशांवर. वरचे भाग उजळ, खालचे गडद, आणि एका बाजूला थोडा अधिक उजेड. हे सगळीकडून पटतं. समोरूनच पाहायचा, चौकटीतला किंवा पेटीतला डायोरामा असेल तर मात्र हात मोकळा सोडा. खिडकीतून येणारा झोत, दारातून सांडलेला उजेड, काय हवं ते करा. पाहणाऱ्याचा डोळा कुठे असणार हे तुम्हीच ठरवलेलं आहे. अमेरिकी कलाकार शेपर्ड पेन यांच्या पेटीबंद डायोरामांचा दबदबा आहे तो बराचसा या बांधलेल्या प्रकाशामुळे. मुळात १८२२ साली पॅरिसमध्ये लुई दागेर आणि शार्ल बूताँ यांनी डायोरामा दाखवायला सुरुवात केली तेव्हा त्यात बाहुल्या नव्हत्याच. भलेमोठे अर्धपारदर्शक पडदे रंगवायचे आणि त्यांच्यावर पुढून-मागून पडणारा उजेड बदलत न्यायचा, एवढाच तो खेळ होता.

सामान

यादी लांबवण्यात अर्थ नाही. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग, तसाच पाण्यात मिसळणारा मॅट (न चकाकणारा) वार्निश, प्रायमर, आणि एक चांगला ब्रश. ब्रश केसाएवढा बारीक घेऊ नका. तीन शून्यांच्या ब्रशात रंग मावत नाही आणि चेहऱ्यापर्यंत पोचेपर्यंत टोकावर वाळतो. कोलिन्स्की सेबलचा (प्राण्याच्या नैसर्गिक केसांचा) १ नंबरचा, टोक सुईसारखं जुळणारा ब्रश डोळ्यापासून कोटापर्यंत सगळं करतो. ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय लागण्याआधीच मोडा. काही रंगांत कॅडमियमसारखी विषारी द्रव्यं असतात.

वेट पॅलेट हवंच. पसरट डबीत ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद, की झालं. एकच छटा तासभर तशीच राहिली तर छटांमधले सांधे जुळतात, हा त्याचा खरा फायदा. टेबलावरचा दिवा ५००० ते ६५०० केल्विनमधला, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा घ्या. पिवळ्या बल्बखाली निवडलेल्या थंड सावल्या दिवसाच्या उजेडात भलत्याच निळ्या निघतात.

प्रायमरनेच नकाशा काढा

फिगर साबणाच्या पाण्याने धुऊन, जोडरेषा खरवडून घेतली की आधी सगळीकडून काळा प्रायमर द्या. तो पूर्ण वाळल्यावर पांढरा प्रायमर एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) किंवा स्प्रे कॅनने फक्त बाणाच्या दिशेने आणि वरून मारा. फिगर फिरवायची नाही, हात खाली न्यायचा नाही. मधल्या कोनातून आधी राखाडीचा एक हात दिला तर उतार आणखी मऊ होतो. या पद्धतीला झेनिथल प्रायमिंग म्हणतात. आता समोर काळ्या-पांढऱ्यात तुमचा सूर्य उतरलेला दिसेल: टोपीचा माथा, खांदे, नाक, गुडघे, बुटांचे वरचे भाग पांढरे, हनुवटीखाली, काखेत, कोटाच्या घेराखाली काळं. कॅनमधला प्रायमर उघड्यावर आणि मास्क लावूनच मारा.

एअरब्रश नसेल तर अडत नाही. काळ्या प्रायमरवर, जवळजवळ कोरड्या केलेल्या पसरट ब्रशने पांढरा रंग वरून खाली हलके झटकत न्या. थोडं खरबरीत दिसेल, पण नकाशा म्हणून पुरेसं आहे.

रंग चढवण्यापूर्वी या अवस्थेत मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. दोन तासांनी सगळं तपकिरी-हिरवं झालं की कोपराच्या आत नेमका अंधार कुठे होता हे आठवत नाही. आणखी खात्री हवी असेल तर खोलीतले दिवे बंद करून एकच टॉर्च बाणाच्या दिशेने धरा आणि तेव्हाचाही फोटो घ्या. टोपीच्या कडेची सावली कपाळावर कुठवर येते, वर उचललेल्या हाताची सावली छातीवर कुठे पडते, हे डोक्याने काढत बसण्यापेक्षा टॉर्च पटकन सांगतो.

पांढरं-काळं मिसळू नका

नवशिक्याचा पहिला विचार असा असतो की उजळ करायला पांढरा टाकू, गडद करायला काळा. लालात पांढरा टाकला की गुलाबी होतो, पिवळ्यात काळा टाकला की शेवाळी हिरवा. दोन्ही वेळा छटेऐवजी रंगच बदलतो.

उन्हाचा प्रकाश किंचित उबदार असतो आणि सावलीत पोचतो तो मुख्यतः निळ्या आभाळाचा उजेड. म्हणून उघड्यावरच्या देखाव्यात उजळ भाग पिवळसरपणाकडे न्यायचे आणि सावल्या थंडाव्याकडे. लाल कपड्याची सावली जांभळट तपकिरी, उजेड आधी नारिंगी आणि मग त्यात थोडा त्वचेचा फिका रंग. पिवळ्याची सावली तपकिरी-नारिंगी. ऑलिव्ह हिरव्या गणवेशाला सावलीसाठी गडद तपकिरी आणि कणभर निळा, उजेडासाठी वाळूचा पिवळट रंग. निळ्याच्या सावलीत बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) टाकला तर तो भडक न होता खोल जातो.

काळे आणि पांढरे कपडे सगळ्यांना छळतात. काळा कोट शुद्ध काळ्याने सुरू करू नका, गडद निळसर राखाडीने करा आणि काळा फक्त खोल चुण्यांसाठी ठेवा. उजळ कडा अरुंद ठेवा. रुंद झाल्या की कोट राखाडी वाटतो. पांढरा सदरा उलट: फिक्या राखाडीने सुरुवात, सावलीत निळसर किंवा तपकिरट राखाडी, आणि शुद्ध पांढरा खांद्यावर, चुणीच्या माथ्यावर, बस्स. शुद्ध पांढरा आधीच सगळीकडे लावला तर त्याहून उजळ काही उरत नाही.

कापडाच्या एका रंगासाठी पाच छटा पुरतात: मधली, दोन गडद, दोन उजळ. त्या वेट पॅलेटवर ओळीने मिसळून ठेवा. अॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून उजळ छटा पॅलेटवर जरा जास्तच उजळ वाटायला हव्यात.

एक बाही, जवळून

समजा लांब कोट घातलेला, गुडघ्यावर हात टेकून बसलेला एक सैनिक आहे. कोपर वाकलेलं, त्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार चुण्या पंख्यासारख्या फाकलेल्या. प्रकाश वरून, डावीकडून.

आधी पूर्ण बाहीला मधली छटा द्या, दोन पातळ हातांत, खालचा काळा-पांढरा नकाशा अंधूक दिसत राहील इतक्या पातळ. मग पहिली गडद छटा. चुणीच्या खोलगट भागात आणि बाहीच्या खालच्या, जमिनीकडे असलेल्या पूर्ण पट्ट्यात ती लावा. हा खालचा पट्टा लोक विसरतात, कारण तिथे चुणी नसते. पण सावली चुणीपुरती नसते. बाही हा मुळात एक गोल दंड आहे, त्याची खालची अर्धी बाजू सूर्याकडे पाठ करून आहे. आधी दंडाचा गोलवा, मग त्यावरच्या चुण्या, असाच क्रम ठेवा. ज्या फिगरवर चुण्या सुरेख असूनही हात चपटा दिसतो तिथे हेच उलटं झालेलं असतं.

दुसरी गडद छटा फक्त चुणीच्या तळाशी, केसाएवढी रेघ. आता उजेड. चुणीचा माथा घ्या, पण पूर्ण माथा नाही. जी बाजू डावीकडे-वर तोंड करून आहे तेवढीच. पलीकडच्या उतारावर मधली छटा तशीच सोडा. पहिली उजळ छटा माथ्याच्या दोन-तृतीयांश लांबीवर, दुसरी त्याच्याही आत, जिथे कोपराचं हाड कापडाला बाहेर ढकलतं तिथे एक ठिपका. निम्म्याहून जास्त बाही शेवटी मधल्या छटेतच राहिली पाहिजे. सगळीकडे गडद-उजळ पट्टे झाले की कापड साटिनचं वाटायला लागतं.

छटांमधल्या पायऱ्या दिसतच असतील. त्या बुजवायला ग्लेझ. लगतच्या दोन छटांमधला रंग घ्या, एक थेंब रंगाला सहा ते आठ थेंब पाणी किंवा ग्लेझ मीडियम. ब्रश बुडवा आणि मग टिश्यूवर टेकवा. हे टेकवणं चुकवलंत तर पाण्याचं डबकं होऊन कडेला वलय उमटतं. ब्रश ओढताना एक लक्षात ठेवा: जिथे ब्रश उचलला जातो तिथे सगळ्यात जास्त रंग साचतो. म्हणून सावली खोल करायची असेल तर ओढ मधल्या भागातून सावलीकडे न्या आणि तिथेच उचला. उजेडाचा ग्लेझ उलट, माथ्याकडे ओढून उचला. पूर्ण वाळू द्या, मग पुढचा हात. ओल्यावर दुसरा हात फिरवला की खालचा थर साली निघाल्यासारखा उचलला जातो.

ऑइल रंगांत हे सांधणं फार सोपं होतं, कारण ते तासन्तास ओले राहतात. अॅक्रिलिकच्या मधल्या छटेवर गडद आणि उजळ ऑइलचे बारीक ठिपके ठेवायचे आणि स्वच्छ, किंचित ओलसर ब्रशने कडा पुसत न्यायच्या. आधी ऑइल रंग पुठ्ठ्यावर तासभर काढून ठेवला तर जादा तेल शोषलं जातं आणि वाळल्यावर चकाकत नाही. मोठ्या, ७५ मिलिमीटरच्या फिगरसाठी मी कधीही ऑइलच सुचवीन. १/७२ च्या अडीच सेंटिमीटरच्या माणसाला ते थाट नकोत. तिथे तीन छटा आणि एक चांगला वॉश (खोलगट भागांत साचणारा पातळ गडद रंग) पुष्कळ झाला, पण त्या तीन छटांमधलं अंतर जास्त हवं.

चेहरा

चेहऱ्यावर पाहणाऱ्याची नजर आधी जाते, म्हणून सगळ्यात जास्त छटा इथे खर्च करा. मधला रंग लालसर तपकिरीकडे झुकलेला घ्या; त्वचा कितीही उजळ किंवा सावळी असली तरी सावलीत तिच्यातला लालसरपणा टिकतो. राखाडी सावली दिली तर माणूस आजारी दिसतो.

गडद: डोळ्यांच्या खोबण्या, नाकाच्या दोन्ही कुशी, नाकाखाली, गालाच्या हाडाखाली, खालच्या ओठाखालचा खळगा, जबड्याखाली. उजळ: नाकाचा दांडा आणि शेंडा, गालाच्या हाडाचा वरचा भाग, भुवईवरचं कपाळ, हनुवटी. वरचा ओठ खाली कललेला असतो म्हणून तो गडद, खालचा वर तोंड करून असतो म्हणून उजळ. एवढं पाळलं तरी ओठ ओठासारखे दिसतात, वेगळा लाल रंग लागत नाही. पुरुषाच्या जबड्यावर निळसर राखाडीचा अगदी पातळ ग्लेझ दिला की दोन दिवसांची दाढी उगवते.

प्रकाश तिरका घेतला असेल तर नाकाची सावली पलीकडच्या गालावर पडते. छोटा त्रिकोण असतो तो, आणि १/३५ मध्ये ब्रशचं एक टेकणं. पण त्या एका टेकण्याने चेहरा उन्हात आल्यासारखा वाटतो.

डोळ्यांचं सगळ्यांना दडपण असतं. खरं तर १/३५ मध्ये हेल्मेटच्या कडेखाली, डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांचं पांढरं दिसतच नाही. खोबणी गडद तपकिरी करा, पापणीची काळसर आडवी रेघ द्या, संपलं. पांढरा ठिपका देऊन वर काळा ठिपका टेकवलेले डोळे नेहमी घाबरलेले दिसतात. फिगर मोठी असेल आणि डोळे रंगवायचेच असतील तर पांढऱ्याऐवजी फिका तपकिरट राखाडी वापरा.

कातडं, धातू, लोकर

प्रकाश सगळ्या पृष्ठांवर सारखा वागत नाही. लोकरीच्या कोटावर उजेड पसरतो, छटा हळूहळू बदलतात, सगळ्यात उजळ भागही फार उजळ नसतो. बुटाच्या कातड्यावर उजेडाचा डाग लहान, तीव्र आणि जवळजवळ कडा असलेला. पॉलिश केलेल्या धातूवर तर सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ छटा एकमेकांना चिकटून असतात. तोच राखाडी रंग मऊ उतरवला तर कापड, कडक उतरवला तर पोलाद.

मेटॅलिक रंग वापरत असाल तर एक अडचण आहे. त्यांची चमक खोलीतल्या खऱ्या दिव्याला जुमानते, तुमच्या बाणाला नाही. सावलीकडच्या बाजूवर मॅट गडद वॉशचे दोन हात द्या म्हणजे तिथली चमक मरते आणि उजेडाकडची राहते.

पायाखालची सावली

फिगर सुंदर रंगली आणि तळावर ठेवल्यावर तरंगायला लागली, असं होतं ते बहुतेक वेळा बूट आणि जमीन यांच्यामधल्या गडद रेघेअभावी. तळवा जमिनीत अर्धा मिलिमीटर रुतवा, आणि टेकल्या जागेभोवती जमिनीच्याच रंगाची गडद छटा अरुंद पट्ट्यात फिरवा. उघडा डायोरामा असेल तर मी बरेचदा इथेच थांबतो. जमिनीवर लांब पडछाया रंगवली आणि डायोरामा दुसऱ्या दिव्याखाली ठेवला की एका माणसाला दोन दिशांना दोन सावल्या दिसतात.

पेटीतल्या देखाव्यात मात्र पडछाया रंगवावी. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली फिगरएवढीच लांब, म्हणजे पाच सेंटिमीटर. ३० अंशांवर ती साडेआठच्या पुढे जाते. सूर्याच्या सगळ्या सावल्या एकमेकींना समांतर, कंदिलाच्या मात्र कंदिलापासून फाकत जाणाऱ्या. पायाशी कड धारदार ठेवा, डोक्याकडे ती थोडी विरू द्या. १/३५ मध्ये हे विरणं अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचंच असतं, त्याहून जास्त पसरवलं तर ढग आल्यासारखं वाटतं. सावली दगडावर चढते, पायरीवर मोडते, भिंतीला लागली की उभी राहते. रंग काळा नको. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर मिसळून केलेला ऑइलचा पातळ ग्लेझ खालची माती, गवत दिसू देतो आणि तरी गडद करतो.

जमीन उलट उजेडही देते. वाळूवर उभ्या माणसाच्या हनुवटीखाली, कोटाच्या घेराखाली किंचित उबदार छटा येते, गवतावर हिरवट. हा उजेड नेहमी मधल्या छटेहून गडदच ठेवायचा. अपवाद बर्फाचा. तिथे उन्हात खालून इतका प्रकाश येतो की चेहऱ्याच्या सावल्या स्पष्ट उजळतात आणि निळसर होतात. बर्फातल्या फिगरला नेहमीच्या काळपट सावल्या दिल्या की ती दुसऱ्याच ऋतूतून उचलून आणलेली वाटते.

हातात कंदील असेल तर

हा मोह लवकर होतो. मी म्हणेन, उन्हातल्या दोन-तीन फिगर जमल्यावर याकडे वळा. कंदील उठून दिसण्यासाठी बाकी सगळं गडद लागतं, आणि भर दुपारच्या छटांवर नारिंगी चोपडून कंदील पेटत नाही. आधी पूर्ण फिगर रात्रीची रंगवा: रंग फिके, राखाडी-निळ्याकडे झुकलेले, उजळ छटा मध्यमाच्या फारशा वर न जाणाऱ्या.

मग डोळा कंदिलाच्या जागी नेऊन कल्पना करा की तिथून काय दिसतं. जे दिसतं त्याच्यावर उजेड, जे दिसत नाही त्याच्यावर नाही. कंदील कमरेपाशी धरलेला असेल तर हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्या, भुवईच्या खालची कड उजळते आणि नाकाचा वरचा दांडा अंधारात जातो. म्हणजे चेहऱ्याची एरवीची सगळी गणितं उलटी. कल्पना जमत नसेल तर बारीक एलईडी त्या जागी धरून अंधारात फोटो काढा.

अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. कंदिलापासून एक सेंटिमीटरवरचा पंजा आणि दोन सेंटिमीटरवरची छाती यांच्यात एवढा फरक दिसलाच पाहिजे. रंग जवळ फिका पिवळा, पुढे नारिंगी, टोकाला लालसर तपकिरी होऊन अंधारात मिसळणारा. आणि कंदिलाच्या काचेहून उजळ दुसरं काही असता कामा नये. ज्योतीचा गाभा जवळजवळ पांढरा ठेवा, पंजावर कितीही मोह झाला तरी पांढरा नको.

वार्निशच्या आधी आणि नंतर

फिगर तळावर, बाण जुळवून, सगळ्या एकत्र ठेवा. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंगांचं भुलवणं गेलं की छटा उघड्या पडतात: एखाद्या फिगरवर सगळं मधल्याच राखाडीत असेल तर तिथे टोकं वाढवायची. डोळे किलकिले करून पाहिलं तरी तेच कळतं.

मॅट वार्निश गडद रंगांना थोडं फिकं करतो. त्याचा पृष्ठभाग उजेड विखुरतो, त्यामुळे काल खोल वाटणाऱ्या सावल्या आज धुरकट दिसतात. म्हणून पहिला मॅट हात दिल्यावर एकदा परत बसा: सगळ्यात खोल चुण्यांत गडद रेघ, नाकाच्या शेंड्यावर आणि खांद्यावर शेवटचा उजळ ठिपका. मग अगदी हलका दुसरा मॅट हात. तोही वाळल्यावर बुटांना आणि पट्ट्यांना ब्रशने सॅटिन, म्हणजे किंचित चकाकणारा वार्निश, लावा, धातूला काहीच नको, आणि चेहऱ्याला मॅटच राहू द्या. घामेजलेला माणूस दाखवायचा असेल तर कपाळावर आणि नाकावर तेवढं सॅटिन.